दोर धरेल शे का?

झिपरूआबांच्या दुकानात दोर घ्यायला गेलात, तर आबा आधी स्वतः त्या दोराला लटकायचे आणि मगच भाव सांगायचे.

लटकायचे म्हणजे खरंच लटकायचे हो! दुकानाच्या आढ्याला सागाची एक दणकट तुळई होती. गिऱ्हाइकानं बोट दाखवलेला दोर आबा तिच्यावरून टाकायचे. एक टोक स्वतःच्या कमरेला बांधायचे, दुसऱ्या टोकाचे खांबाला दोन वेढे द्यायचे आणि ते टोक समोर असेल त्याच्या हातात ठेवायचे. मग धोतराचा काचा मारून विचारायचे, "धरेल शे का?" म्हणजे, धरलाय का? समोरचा "धरेल शे" म्हणाला, की आबा दोन्ही पाय उचलून अधांतरी. तिथूनच सांगायचे, "आता बोला. मोटेचा नाडा पाहिजे ना? हा घ्या. यानं झिपरू पेलला, तुमची मोट काय चीज आहे!"

एकदा धुळ्यात नवा आलेला एक फौजदार आमच्या गल्लीतून चालला होता. दुकानात धोतर नेसलेला माणूस लटकलेला दिसल्यावर बिचारा शिट्टी फुंकतच आत घुसला. आबांनी वरूनच विचारलं, "काय देऊ साहेब? कासरा का दावं?"

माझं शिलाईचं दुकान आबांच्या दुकानासमोरच. मधे आठ पावलांची गल्ली. त्यामुळे मशीन चालवता चालवता हा तमाशा मी रोज फुकटात पाहायचो. गल्लीतली माणसं म्हणायची, म्हाताऱ्याचा एक पेच ढिला आहे. मी म्हणायचो, एकच कसा? नीट मोजा.

आबांचं एक ठाम मत होतं. दोर म्हणावा तो अंबाडीचा. तापीकाठच्या काळ्या मातीतली अंबाडी, पाण्यात कुजवून, झोडपून, पीळ भरून काढलेली. काथ्याचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. "काथ्या? तो पाय पुसाले बरा." बाजारात आबा तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलत. पण पाय जमिनीवरून उचलले की आपसूक अहिराणी सुरू. जितके उंच, तितकी अहिराणी पक्की.

आता खांबापाशी दोर कोण धरायचं, ते सांगतो. केसर धरायची. आबांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, म्हणून ती दुकानातच वाढली. दोराच्या वेटोळ्यात बसून दूधभाकर खायची, वेटोळ्यातच झोपायची. हाताला जोर आल्यापासून दोराचं टोक तिच्याच हातात. "धरेल शे का?" असं आबांनी म्हणायचा अवकाश, "धरेल शे, आबा!" असा खणखणीत आवाज गल्लीभर जायचा. माझ्या मशीनच्या खडखडाटातही मला तो ऐकू यायचा.

दरवर्षी पावसाळा सरला की कोकणातून काथ्यावाले तात्या यायचे. खडपवाडी त्यांचं गाव. समुद्रावरच्या एका उंच कड्याच्या अगदी माथ्यावर. आबा काथ्याला नावं ठेवायचे, पण गिऱ्हाईक मागतं म्हणून दोनचार गठ्ठे घ्यायचे. तात्या तोडीस तोड होते. म्हणायचे, "अहो आबा, आमचा दर्या तुमची अंबाडी चार दिवसांत कुजवील. आमच्या घरामागं घारीचा कडा आहे. वरून वाकून बघितलंत तरी पोटात गोळा येईल. खालून वर आजवर माणूस आला नाही." आबा म्हणायचे, "माणूस अंबाडी घेऊन गेला नसेल." दोघं भांडायचे आणि भांडून झालं की एका ताटात जेवायचे.

तात्यांबरोबर त्यांचा पुतण्या यायचा. वसंता. गोरा, लाजरा, गठ्ठे मोजताना हमखास चुकणारा. का चुकायचा ते साऱ्या गल्लीला दिसत होतं. एकट्या आबांना दिसलं नाही. आणि एके दिवशी केसर आणि वसंता यांनी कचेरीत जाऊन नोंदणीनं लग्न केलं. जात वेगळी, मुलूख वेगळा, आणि वरून धंदा काथ्याचा!

आबांचा असा भडका उडाला म्हणता! भर बाजारात उभं राहून त्यांनी शपथ घेतली, "खडपवाडीची वाट मी जन्मात तुडवणार नाही. तुडवली तर झिपरू नाव लावणार नाही." केसर तिथंच उभी होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी मधे पडायला गेलो तर मला म्हणाले, "नामा, तू कापड बेत. माझा पीळ बेतू नको." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आबांसमोर ही म्हण म्हणायची सोय नव्हती, कारण सुंभ काथ्याचा असतो.

केसर गेली. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी नाडा घ्यायला आला. आबांनी सवयीनं दोर टाकला, कमरेला बांधला, दुसरं टोक बाजूला पुढं केलं आणि विचारलं, "धरेल शे का?" उत्तर नाही. टोक हवेतच. आबा तसेच उभे राहिले. मला काही पाहवेना. तोंडात सुई धरलेली, तसाच उठून गल्ली ओलांडली, टोक हातात घेतलं आणि म्हणालो, "धरेल शे." त्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

मग आबांना नवंच खूळ लागलं. दर सोमवारी दुकान बंद ठेवायचं आणि लळिंगच्या किल्ल्यावर जायचं. किल्ल्यावर जायला चांगली वाट आहे हो! पण आबा वाटेनं जातील तर शपथ. वाट सोडून सरळ कड्याला भिडायचे. "वाटेनं कोणीबी जातं," म्हणायचे. मोटेच्या चामड्याचा आणि ताडपत्रीचा एक पट्टा त्यांनी माझ्याकडून शिवून घेतला होता. कमरेभोवती एक आणि मांड्यांत दोन. असली चोळी मी आयुष्यात कधी शिवली नव्हती. लोहाराकडून जाड लोखंडी खुंट्या घडवून घेतल्या होत्या. पद्धत अशी, की आबा पुढं चढणार, कपारीत खुंटी ठोकणार, तिच्यातून दोर ओवणार आणि आणखी वर जाणार. खाली मी दोर हळूहळू सोडणार. दोर संपत आला की आबा एखाद्या कंगोऱ्यावर बूड टेकवणार, स्वतःला खुंटीला बांधून घेणार आणि ओरडणार, "चाल, ये!" मग मी. मी वर पोचलो की आबा पुन्हा पुढं. अशा एका टप्प्याला ते मजला म्हणायचे. "आज दोन मजले झाले, नामा." पण प्रत्येक मजल्याला पाय उचलण्याआधी तोच प्रश्न. मी उत्तर दिल्याशिवाय हा माणूस अंगठासुद्धा हलवायचा नाही.

मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर उभं राहून वरच्या फळीवरचं कापड काढताना माझे पाय लटपटतात. पण बायको म्हणायची, "जा हो. एकटा माणूस आहे. पडला बिडला तर?" मी म्हणायचो, "आणि मी पडलो तर?" ती म्हणायची, "तुम्हाला आबांनी बांधलंय ना!" वा! काय पण विश्वास!

असेच दोनतीन हिवाळे गेले. मग एकदा तात्या बाजारात आले. लग्नापासून ते आबांची पायरी चढत नव्हते. ते माझ्या दुकानासमोर उभे राहिले, आबांकडे पाठ केली आणि मला, जो मी तीन हातांवर बसलो होतो, पल्याडच्या तीरावरच्या माणसाला सांगावं तसे ओरडून म्हणाले, "केसरला मुलगी झाली होऽऽ! दोघी खुशाल आहेत होऽऽ!" आणि निघून गेले.

समोर आबा तराजूत सुतळी जोखत होते. जोखतच राहिले. पारडं कधीच टेकलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एक विचित्र गोष्ट पाहिली. आबा करंगळीएवढ्या पांढऱ्या सुताच्या दोराला लटकत होते. मऊ, सुबक, मधून एक लाल पेड खेळवलेला. मोटेला नाही, बैलाला नाही, असला दोर कशाला लागतो? एका बाईनं भाव विचारला तर आबा म्हणाले, "विकाऊ नाही," आणि दोर सदऱ्यात कोंबला. पुढच्या सोमवारी लळिंगला निघताना मला म्हणाले, "नामा, हा किल्ला आता बस झाला. समुद्रावरचा कडा करू. घारीचा."

मी हातातली खुंटी खाली ठेवली. "अहो आबा, घारीचा कडा म्हणजे खडपवाडीच ना?"

"कडा सरकारचा आहे. गावाचा नाही."

"पण शपथ?"

"शपथ वाटेची होती. कड्याला वाट आहे का? तात्यानंच सांगितलं होतं, आजवर खालून कोणी आलं नाही म्हणून."

मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. तीन हिवाळे! तीन हिवाळे हा म्हातारा मला दगडांवर घासत होता, ते यासाठी! लेकीकडे जायचं होतं आणि शब्दही मोडायचा नव्हता. मला रागच आला. आणि लगेच हसू आलं. घरी बायकोला सांगितलं तर ती डोळे पुसत म्हणाली, "उभे काय राहिलात? झबलं शिवा!" मी मऊ मांजरपाटाचं झबलं शिवलं, गळ्याला चिमुकली गोट लावली आणि गुपचूप खिशात ठेवलं. आबांना कळलं तर म्हणतील, आपण कडा चढायला चाललोय, बारशाला नाही.

एसटी, मग आगगाडी, मग आगबोट. आगबोटीत माझ्या पोटात जे जे होतं ते मी समुद्राला देऊन टाकलं. आबा मात्र कठड्याला धरून खुशीत उभे. "समुद्र म्हंजे काय नामा, मोठी तापीच शे!" पाण्यावर पाय अधांतरी होते ना, म्हणून अहिराणी.

शेवटी एका होडीवाल्यानं आम्हाला सकाळी कड्याच्या पायथ्याशी, वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर सोडलं. दोन्ही बाजूंना खडक समुद्रात घुसलेले. मागे कडा. मी मान वर केली तर टोपी पडली, तरी माथा दिसेना. खाली काळा कुळकुळीत दगड, वर तांबडा जांभा आणि त्याहून वर घारी भिरभिरत होत्या. माझ्या तर पाचावर धारण बसली. होडीवाला जाताना बजावून गेला, "पाणी येईल हां! सामान उंचावर ठेवा. सांजेला बघायला येतो."

आबांनी कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळलं. निळंभोर. ढगाचा ठिपका नाही. मग त्यांनी समुद्र न्याहाळला. तो आमच्या डोळ्यांदेखत मागे मागे चालला होता आणि ओली वाळू उघडी पडत होती. आबांनी निकाल दिला, "पूर उतरी गया. आता कशाचं पाणी? ढग नाही ते नाही."

आता तुम्ही हसाल. पण आमच्या पांझरेला पाणी येतं ते वर सह्याद्रीत ढग फुटल्यावर. पूर येतो तो आभाळ बघून येतो, आणि एकदा उतरला की पुढच्या पावसापर्यंत नदीत क्रिकेट खेळा. समुद्र रोजच्या रोज उतरतो आणि रोजच्या रोज चढतो, हे शाळेत भूगोलात होतं म्हणे. पण आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी तरी समुद्र कुठं पाहिला होता!

तेव्हा आम्ही छान ऐसपैस पसरलो. ट्रंक, कंदील, जादा दोर, माझ्या नव्या वहाणा, सगळं कोरड्या वाळूत मांडलं. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाणे असं जेवलो. आणि आबा म्हणाले, "घटकाभर पडू. भरल्या पोटी चढू नये." पाठीवरचं एक छोटं बोचकं तेवढं त्यांनी उतरवलं नाही, तसेच कुशीवर झोपले. गार वारा, लाटांचा आवाज. मलाही असली झोप लागली!

तळपायाला कुणीतरी गार हात लावला म्हणून मी पाय झटकला. पुन्हा लावला. डोळे उघडले तर समुद्र घोट्याशी! ट्रंक तरंगत होती. कंदील दिसेनासा झाला होता. माझ्या नव्या वहाणा दोघी मिळून लांब चालल्या होत्या.

"आबाऽऽ! पूर!"

आबा ताडकन उठले. आधी आभाळाकडे पाहिलं. निळंभोर! त्यांच्या तोंडावर असा काही अपमान उमटला, की त्या तसल्या वेळीही मला हसू फुटलं. "ढग नाही, काही नाही," ते म्हणाले, "हे काय वागणं झालं?"

डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. हाकेला माणूस नाही. होडी यायला अजून अवकाश. आम्ही पट्टे चढवले, खुंट्यांची पिशवी खांद्याला लावली, उरलेला एक दोर दोघांनी बांधला. आबांनी दगडावर हात ठेवला. "धरेल शे का?"

"धरेल शे!" मी ओरडलो. आयुष्यात कधी इतक्या मनापासून म्हटलं नव्हतं.

आणि आबा चढले! काय चढले हो! साठीचा माणूस, धोतर खोचलेलं, अनवाणी, पण बोटं कपारीत अशी बसत होती की मी गुडघाभर पाण्यात उभा राहून "वा आबा, वा!" म्हणत होतो. ठाक, ठाक, ठाक, खुंटी आत. दोर ओवला. पुन्हा वर. लाटेनं मला कमरेपर्यंत भिजवलं तेव्हा वरून आवाज आला, "चाल, ये!" मी देवाचं नाव घेतलं आणि निघालो. पहिल्या मजल्याच्या कंगोऱ्यावर पोचलो, तेव्हा आम्ही जेवलो होतो त्या जागी लाटा आपटत होत्या.

दुसऱ्या मजल्याला घार अंगावर आली. तिचं घरटं जवळच असणार. आबा एका हातानं लोंबकळत तिला समजावत होते, "तुनं घर नही लागस माले! माले मना रस्ताले जाऊ दे!" मी खाली दोर धरून थरथरतोय आणि हसतोय. खरं सांगू? भीतीच्या पलीकडे गेलं की एक वेगळीच मजा असते. खाली अख्खा समुद्र चमकत होता, वारा कानात शिट्ट्या घालत होता, हातांची सालटं निघाली होती, आणि मी, स्टुलावर चढायला भिणारा नामा शिंपी, ओरडत होतो, "आणखी एक मजला, आबा! आणखी एक!"

तिसरा मजला जांभ्याचा. तिथं खरी गोची झाली. जांभ्यात खुंटी ठोकली की दगडाचा नुसता भुगा. ठोकावी आणि ती हातात परत यावी. आबा तसेच, खुंटीविना, वर वर गेले. अगदी माथ्याखाली पोचले आणि तिथं कडा पुढं झुकलेला. हाताला काही लागेना. मला खालून त्यांचे पाय दिसत होते. डावी पोटरी थडथडत होती. त्यांची शेवटची पक्की खुंटी माझ्या डोक्याजवळच होती. ते सुटले असते तर किती खाली गेले असते, आणि माझ्यासारख्या काडी पैलवानाच्या हातून तो दोर राहिला असता का, हे मला चांगलंच कळत होतं. 

"धरेल शे का?" आबांनी विचारलं.

"धरेल शे!"

पाय हलले नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उत्तर मिळालं की ते निघायचे. जरा थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज अगदी लहान होता. "धरेल शे का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वरून, आभाळातून यावा तसा खणखणीत आवाज आला.

"धरेल शे, आबाऽऽ!"

 केसर! होडीवाला खडपवाडीचाच. धुळ्याचे दोन खुळे ढीगभर दोर घेऊन कड्याखाली उतरलेत, हे त्यानं गावात जाऊन सांगितलं होतं. खुळे कोण, ते केसरला विचारावं लागलं नाही. ती दुपारपासून कड्यावरून हाका मारत होती आणि आम्ही खाली घोरत होतो.

वरून एक जाड दोर सरसरत आला आणि आबांच्या नाकासमोर थांबला. आबांनी तो हुंगला.

"काथ्या शे का?"

"काथ्याच शे."

"मी काथ्याले नही लटकस."

माझे हात भरून आलेले, आबांची पोटरी थडथडतेय, खाली समुद्र उकळतोय, आणि बापलेकीचा दोराच्या जातीवरून वाद! मी ओरडलो, "आबा, पाया पडतो! हवं तर घरी गेल्यावर अंबाडीनं मला बडवा!"

वरून केसर शांतपणे म्हणाली, "मग तठेच ऱ्हा. मी बी आठेच बठस."

ती वर बसून राहणार, हे खाली लटकून राहणार, हलायला कुणीच तयार नाही! मग आबांनी विचारलं, "तपासेल शे का?"

"मी सोता लटकीसन देखेल शे."

 आबांनी काथ्याचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन घेतला, दुसरा हात टाकला, आणि पाय उचलले. क्षणभर म्हातारा समुद्रावर अधांतरी झुलला. मग वर गेला, आणि माझ्या नजरेआड झाला.

आणि मी? मी खाली कंगोऱ्यावर. माझी कुणाला आठवणच राहिली नाही! "चाल, ये" नाही, काही नाही. वरून नुसतं तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत होतं, आणि मधेच आणखी कुणीतरी रडत होतं. शेवटी कड्यावरून एक गोरं डोकं डोकावलं. वसंता. "शिंपीकाका, या वर!" मी, जो आजवर फक्त उत्तरच देत आलो होतो, पहिल्यांदा गळा काढून विचारलं, "धरेल शे का?" तो गोंधळला. मागे वळून कुणाला तरी विचारलं, आणि मग म्हणाला, "हो हो, तेच! तेच शे!"

वर पोचलो तर आबा आणि केसर माडाखाली दोन हातांचं अंतर ठेवून बसलेले. दोघांचे डोळे लाल, आणि दोघंही भलतीकडे पाहत होते. आबा काथ्याचा दोर नखानं उसवून बघत होते. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "पीळ बरा आहे." तीन वर्षांच्या भांडणाची तेवढीच काय ती माफी. केसर फिस्सकन हसली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.

घरात गेलो तेही मागच्या दारानं. मी म्हणालो, "आबा, जाताना कसे जाणार? मी काही पुन्हा त्या कड्यावरून उतरणार नाही, आधीच सांगतो."

"जाताना वाटेनं जाऊ. शपथ खडपवाडीच्या वाटेची होती. इथून निघाली की ती धुळ्याची वाट."

केसर म्हणाली, "पुढल्या खेपेला येताना बी वाटेनंच या, आबा."

"वाटेनं कोणीबी येतं, बाई," आबा म्हणाले.

माजघरात पाळणा होता. सुंभाला टांगलेला. मी खिशातून झबलं काढलं. समुद्राच्या पाण्यानं भिजून त्याचं पार फडकं झालं होतं. तरी केसरनं ते गालाला लावलं. आबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग हळूच पाठीवरचं बोचकं सोडलं. आत बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, चुरा होता, आणि तेलकापडात गुंडाळलेला तो पांढरा दोर, लाल पेडाचा. मी कपाळावर हात मारला. पाळण्याचा दोर! आणि मी महिनाभर विचार करत होतो, हा बैलाला लागतो का मोटेला!

आबांनी सुंभ सोडला, नवा दोर वाशाला बांधला आणि सवयीप्रमाणे त्याला लटकले. वरून कौलांची धूळ पडली. वसंता घाबरून म्हणाला, "आबा, वासा!" "वासा तुमचा, तुम्ही बघा," आबा म्हणाले, "दोराची हमी माझी." मग पाळणा टांगला, केसरनं पोरीला आत ठेवलं, आणि आबा पाळण्याची दोरी हातात घेऊन भिंतीला टेकून बसले.

बाहेर उन्हं उतरली. समुद्र पुन्हा मागे जायला लागला असेल, मी बघायला गेलो नाही. केसरनं चूल पेटवली, भाकरीचा वास सुटला. पोर केव्हाच झोपली होती. आबांचे हात सोलवटलेले, बोटांतून रक्त आलेलं, तरी दोरी हळूहळू मागेपुढे चालली होती. केसर तेल-हळद घेऊन जवळ आली आणि म्हणाली, "आबा, सोडा आता. झोपली ती."

आबांनी मान हलवली. इतकी वर्षं जे ते विचारत आले होते, त्याचं उत्तर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"राहू दे, बाई," ते हळूच म्हणाले. "धरेल शे."